परीक्षा केंद्र: पांगाई

नुकुअलोफा
४ जून १९८४

चि. सिओसायास,
अ. उ. आ. आणि सोबत ताईचा थोडा राग, कारण हाआनोहून बोट येऊन गेली आणि तुझी ओळही नाही.

कोनफळांची टोपली मात्र पोचली. सुकवलेल्या ऑक्टोपसचा निम्मा भाग शेजारच्या मांजराने आमच्या आधीच चाखला होता.

इकडे परीक्षेचा वर्ग माझ्या मानेवर बसला आहे. गणिताचे मास्तर सुट्टीसाठी ऑकलंडला गेले ते तिकडच्याच कारखान्यात लागले. आता इंग्रजीबरोबर गणितही माझ्याकडेच आहे. दिवसभर शाळा आणि संध्याकाळी चर्चच्या सभागृहात आको पो, रात्रीचा अभ्यासवर्ग. आया पंखे घेऊन मागे बसतात आणि ज्याचं मूल पेंगलं त्याला पंख्याच्या दांड्याने टोचतात. अडचण एवढीच की आया मुलांच्या आधी पेंगतात.

प्रवेश परीक्षेच्या प्रश्नपत्रिका न्यूझीलंडहून येणार, म्हणजे त्यात मेंढ्या, बर्फ आणि आगगाड्या आल्याच. परवा एकाने मला विचारलं की दोन आगगाड्या समोरासमोर येत असतील तर एकीने बाजूला व्हायला काय हरकत आहे. मला हसायचं होतं, पण हसण्याइतकी ताकद राहिली नव्हती.

तुझी लेसिएली वर्गात पहिली आहे. हल्ली बोलत नाही, ते एक बरंच आहे म्हणते मी. रविवारी प्रार्थनेच्या पुस्तकात बीजगणिताचा कागद ठेवून बसली होती. पाद्रीबाबांच्या लक्षात आलं नाही, देवाच्या आलं असेल. सत्रांमधल्या सुट्टीत तिला तुमच्याकडे पाठवत नाही. इथेच तयारी करून घेईन. शिष्यवृत्ती मिळाली तर ती न्यूझीलंडला जाईल, आणि आपल्या घरातलं पहिलं माणूस विद्यापीठाची पायरी चढेल.

पिसिलाला आशीर्वाद. माया आहे म्हणून रागावते, हे तुला माहीत आहेच.
तुझी ताई,
कालोलाइने


हाआनो
२१ जून १९८४

ती. ताईस,
सा. न. वि. वि. चिठ्ठी लिहिली होती. खिशात ठेवून मासेमारीला गेलो आणि ती समुद्राने वाचली.

लेसिएली सुट्टीत येणार नाही हे पिसिलाला सांगितलं.  ती तापाच्या कापडासाठी झाडाची साल कुटत होती, ती कुटत राहिली. फक्त त्या दिवशी आवाज पार गावाच्या टोकापर्यंत गेला, आणि शेजारीण विचारून गेली की एवढ्या घाईने कोणाचं लग्न काढलंय. लेकीसाठी केवड्याच्या पातीची नवी चटई विणून ठेवली होती, ती गुंडाळून आढ्याला टांगली आहे.

तू म्हणशील तसं. तिचं तू बघते आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. आगगाडीचं मी इथे पुरुषांच्या बैठकीत कावा पिताना विचारलं. दोन तास वाद झाला. बहुमत असं पडलं की ज्या गाडीत नोबल सरदार बसला असेल तिला दुसरीने वाट द्यावी.

वादळात उडालेल्या छपराची उरलेली बाजू अखेर घातली. देवमासे अजून दिसले नाहीत. तुझा आवाज बसलाय असं बोटीवरचे लोक सांगत होते. आल्याचा काढा घे. तुझी सावली आमच्यावर अशीच राहू दे.
तुझा
सिओसाया


नुकुअलोफा
२९ जुलै १९८४

चि. सिओसायास,
अ. उ. आ.

आज गंमत नाही. सराव परीक्षा झाली. लेसिएलीने विज्ञानाचा पेपर कोरा दिला. वर नाव लिहिलेलं, सुवाच्य, आणि खाली काही नाही. तीन तास ती जागेवर बसून होती. पेपर मीच गोळा केले. मला आधी वाटलं की हिने चुकून दुसराच कागद दिला.

मी तिला सगळ्या वर्गासमोर बोलले. म्हटलं की तुझा बाप होडी वल्हवून वल्हवून पाठीतून मोडला तो कोऱ्या कागदासाठी नाही. ती मान खाली घालून उभी राहिली. घरी आल्यावर तिने भांडी घासली, माझे कपडे घड्या करून ठेवले, आणि वह्या घेऊन बसली. का केलंस म्हणून विचारलं तर म्हणाली, माहीत नाही आत्या.

तू बाप आहेस. तिला एक खरमरीत पत्र लिही. माझं बोलणं तिच्या कानांना सवयीचं झालंय. मलाही माझं बोलणं सवयीचं झालंय म्हण. काल पेपर तपासताना एकाच मुलाचा पेपर दोनदा तपासला आणि दोन वेळा वेगळे गुण दिले. कुठले खरे ते अजून ठरवलेलं नाही.

लवकर लिही. तुझ्यावर भिस्त आहे.
ताई


हाआनो
१३ ऑगस्ट १९८४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लेसिएली इथे आहे, सुखरूप आहे. आधी हे वाच आणि श्वास घे.

तू रेडिओवर दिलेला निरोप ऐकला. आम्हीच नाही, सगळ्या राज्याने ऐकला. शाळेच्या गणवेशातली मुलगी बोटीवर कोणी पाहिली का, असं निवेदक तीनदा म्हणाला, आणि तेव्हा ती आमच्या ओसरीवर झोपलेली होती. बोटीच्या लोकांना तिने सांगितलं की आत्यानेच पाठवलंय. ते खोटं होतं. त्याबद्दल मी तिला रागावणार आहे, पण अजून ती धड जागी झालेली नाही. उठते, नीरफणस खाते आणि परत आडवी होते. पिसिला तिच्या उशाशी बसून माश्या वारते आहे, तिच्याजवळ कोणाला जाऊ देत नाही, मलाही नाही.

तू सांगितलेलं पत्र मी लिहायला घेतलं होतं. दोन ओळी झाल्या होत्या. आता ते कुठे पाठवू?

तुला किती घोर लागला असेल ते कळतं. रागावू नकोस. रागावलीस तरी आम्हाला सोडू नकोस.
सिओसाया


नुकुअलोफा
२० ऑगस्ट १९८४

सिओसायास,
आशीर्वाद.

बंदरावर मी तिचं नाव विचारत फिरले. एक खलाशी म्हणाला की मुली पळतात त्या कोणा पोराबरोबर. तेही ऐकून घेतलं. पाच वर्षं या मुलीला मी पोटाशी धरलं. तिचा ताप काढला, तिचे दात काढून आणले, तिच्यासाठी सभागृहात डासांना रक्त पाजलं. आणि जाताना तिने उंबऱ्यावरून हाकही मारली नाही.

परीक्षा नोव्हेंबरात आहे. झोप झाली असेल तर येत्या बोटीने तिला परत पाठव. मी तिला काही बोलणार नाही. कोऱ्या पेपरचा विषयही काढणार नाही. पण ती इथे हवी. पिसिलाला सांग की हा माझा शब्द आहे.

मी बंदरावर उभी राहीन.
ताई


हाआनो
२८ ऑगस्ट १९८४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, नाही.

हे लिहून मी बाहेर जाऊन आलो. डुकरांना नारळ घातले. परत येऊन बघितलं तर शब्द तसाच होता, म्हणून पुढे लिहितो.

आजवर तू मागितलंस आणि मी दिलं. लग्नासाठी वाढवलेलं डुक्कर दिलं, होडीचं इंजिन दिलं, तेरा वर्षांची लेक दिली. लेक दिली तेव्हा पिसिला आत रडत होती आणि मी बाहेर तिची ट्रंक उचलत होतो. आत्याचा हक्क आईबापाच्या आधी, हे आपल्याला कोणी शिकवावं लागलं नाही. मला त्याचं कधी ओझंही वाटलं नाही. तू समोर असतीस तर हे माझ्या तोंडून निघालं नसतं. बहीण बसते त्या खोलीत भावाने बसायचं नाही ही आपली रीत आहे, हे एक बरं आहे. कागदावर बसता येतं.

परवा पिसिला लेकीचे केस विंचरत होती. एकदम हात थांबला आणि मला हाक मारली. कानामागे, केसांच्या आत, तळहाताएवढी जागा उघडी आहे. ताई, तिथे एक केस नाही. लेसिएलीला विचारलं तर म्हणाली की अभ्यास करताना एकेक उपटते, दुखलं की झोप जाते. वरून केस बांधले की दिसत नाही. तुला दिसलं नसेल. तू दोष घेऊ नकोस. सुट्टीत इथे येत होती तेव्हा आम्हीही पाहिलं नव्हतं.

झोपेत ती उत्तरं म्हणते. पिसिलाला इंग्रजी येत नाही, तिला वाटलं मुलगी प्रार्थना करते आहे.

तिला पाठवणार नाही. परीक्षा द्यायची की नाही ते ती ठरवेल. द्यायची असेल तर पांगाईला केंद्र आहे, मी होडीने नेईन. बहिणीला नाही म्हटलं हे मी कावा पिताना कोणाला सांगणार नाही, आणि तूही सांगू नकोस, माझी लाज राख.

या पत्रानंतर तू मला काय समजशील माहीत नाही. मी तुला तीच समजतो.
सिओसाया


हाआनो
२६ सप्टेंबर १९८४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं नाही. बाबा बोट आली की किनाऱ्यावर जातात आणि मासे बघायला गेलो होतो म्हणतात.

मी न सांगता गेले, त्याबद्दल क्षमा करा. सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता आणि मी राहिले असते.

त्या पेपरातली उत्तरं मला येत होती. प्रश्न वाचले आणि हात उचलेना. तुम्ही फळ्याजवळ उभ्या होतात. खडू फळ्याला टेकलेला होता, डोळे मिटलेले होते. तुम्ही उभ्याउभ्या झोपला होतात, आत्या. खडू हळूहळू खाली घसरत होता आणि त्याची रेघ उमटत होती. वर्गात कोणी हललं नाही, तुम्हाला जाग येऊ नये म्हणून. मला वाटलं, मी पास झाले, न्यूझीलंडला गेले, शिकून परत आले, की मलाही अशीच झोप येईल. मग लिहावंसंच वाटेना.

आता बरी आहे. आई रोज डोक्याला तेल लावते. संध्याकाळी चर्चमध्ये मी थोडा अभ्यास करते. बाबा सोबतीला बसतात आणि घोरतात. त्यांना पंख्याने टोचायचं काम मला करावं लागतं. गावातली चार लहान पोरंही येतात. त्यांना मी अपूर्णांक शिकवते.

मला परीक्षा द्यायची आहे. पांगाईहून. विज्ञानाचे जुने पेपर इथे कोणाकडे नाहीत. पाठवाल का? केंद्र बदलायला तुमची सही लागते म्हणे. नाही केलीत तरी मी तुमचीच आहे.
लेसिएली


नुकुअलोफा
६ ऑक्टोबर १९८४

चि. लेसिएलीस,
अ. उ. आ.

पेपर पाठवते आहे. उष्णतेचा धडा आधी कर, प्रकाश मागाहून. शिक्षण खात्यात जाऊन आले. तिथल्या कारकुनाने विचारलं की एवढी हुशार मुलगी पांगाईला का धाडता. मी म्हटलं, तिथे तिची आई आहे. केंद्र बदललं.

सोबत सुगंधी तेलाची बाटली आहे. दाबून लावायचं नाही, बोटांनी हळू. रात्री हात चटईखाली घेऊन झोप.

फळ्याचं मला ठाऊक नव्हतं. रेघ दिसली होती. मला वाटलं, कोणा वात्रट पोराने काढली, आणि मी सगळ्या वर्गाला उभं केलं होतं. कोणी बोललं नाही. तुझं पत्र मी सभागृहात, वर्ग चालू असताना वाचलं. मग मुलांना म्हटलं, आज घरी जा. ती जाईनात. त्यांना वाटलं, ही पण परीक्षाच आहे.

बापाला सांग, मासे बघायला रोज किनाऱ्यावर जायची गरज नाही. त्याचं पत्र मिळालं आहे आणि मी ते फाडलेलं नाही.
आत्या


हाआनो
२१ जानेवारी १९८५

ती. वन्संना,
सौ. पिसिलाचा सा. न. वि. वि.

मी कधी लिहिलं नाही. आमच्या घरात लिहिणारे हेच. पण हे काल म्हणाले की निकालाचं तू लिही, माझा हात चालत नाही.

तुम्ही रेडिओवर ऐकलंच असेल. आम्ही सगळे ओसरीवर होतो. इंग्रजी, गणित, भूगोल झाले. विज्ञान राहिलं, थोडक्यात राहिलं. शिष्यवृत्ती गेली. तुमच्या वर्गातल्या एवढ्या मुलांची नावं आली, त्यांतल्या दोघांना न्यूझीलंडची मिळाली. हे प्रत्येक नावाला टाळी वाजवत होते, ओळखत नसूनही, कारण ती ताईची मुलं.

खरं सांगते वन्सं, विज्ञान राहिलं ऐकलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, आता समुद्र ओलांडायची नाही. मग तिच्याकडे बघितलं. ती हसत होती, आणि खालचा ओठ दातात धरलेला होता. तेव्हा मला माझंच वाईट वाटलं. ती उठून आत गेली, त्या चार पोरांसाठी पाटीवर काहीतरी लिहीत बसली. मी मागोमाग गेले. म्हणाली, आई, पुढच्या वर्षी एकाच विषयाला बसेन, इथूनच.

केस आले आहेत. अजून आखूड आहेत, उभे राहतात. त्यांना हात लावू देते.

तुम्हाला फार वाईट वाटलं असेल. तुम्ही तिच्यासाठी जे केलंत ते मी बघितलं नाही असं समजू नका. रागावला असाल तर माझ्यावर रागवा, यांच्यावर नको.
पिसिला


नुकुअलोफा
२८ जानेवारी १९८५

सौ. पिसिलास,
अ. उ. आ.

तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. इतकी वर्षं लपवून का ठेवलंस?

वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? रेडिओ बंद केला आणि तिच्या बाकावर, म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातल्या त्या स्टुलावर, बसून राहिले. मग दारात आया यायला लागल्या, ज्यांची पास झाली त्या केळी घेऊन, आणि ज्यांची राहिली त्या रिकाम्या हातांनी. सगळ्यांना बसवलं, सगळ्यांशी बोलले. शेवटची गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी दिवसभर काही खाल्लेलं नाही आणि मला भूकही नाही. गेल्या कित्येक वर्षांत मला भूक, झोप, काही आठवत नाही. तुझ्या लेकीने ते माझ्या आधी ओळखलं.

शाळेला कळवलं आहे की यंदा परीक्षेचा वर्ग मला नको. मुख्याध्यापक म्हणाले, तुमच्याशिवाय कोण घेणार? मी म्हटलं, मला माहीत नाही. असं उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदा दिलं.

शाळा उघडायला अवकाश आहे. मला हाआनोला यायचं आहे. लेसिएलीला शिकवायला नाही. तिने विचारलं तर विज्ञान सांगेन, नाही विचारलं तर तापा कुटायला तुझ्याशेजारी बसेन. मला कुटता येत नाही, तू हसशील. मी आले की सिओसाया रीतीप्रमाणे होडीघरात झोपायला जाईल, तेव्हा त्यालाही विचार. मी आत्या आहे, मला तुमच्या घरी यायला परवानगी लागत नाही, असं सगळे म्हणतील. पण घर तुझं आहे आणि मी फार दमले आहे, पिसिला.

पुढच्या बोटीने येऊ का?
कालोलाइने