काळ्या चौकटीतला लिओन्सियो

बिनोंदो, मनिला
गुरुवार, दुकान उघडण्याआधी

घरातल्या सर्वांत थोरल्या बहिणीला, फेलिसा आचीला, सर्वांत धाकट्या आन्सेल्मोचा कमरेत (जेवढं वाकता येतं तेवढं) वाकून नमस्कार.

आची, तुझी साखर आटोक्यात आहे ना? मेव्हण्यांचा खोकला थांबला का? सेबूच्या सांतो निन्योपुढे, बाळ येशूपुढे, माझ्या नावाने एक मेणबत्ती लाव आणि टेकडीवरच्या आपल्या चिनी देवळात उदबत्तीही लाव. कोण आधी ऐकेल सांगता येत नाही, म्हणून दोन्हीकडे सांगून ठेवलेलं बरं. इकडे सर्व खुशाल आहेत. सर्व म्हणजे सर्व. आपला चुलतभाऊ लिओन्सियोसुद्धा. तो जिवंत आहे, ठणठणीत आहे आणि काल त्याने माझ्यासमोर दोन वाडगे शेवया खाल्ल्या. तेव्हा आधी डोळे पूस आणि मग पुढचं वाच.

तू पाठवलेलं पुष्पचक्र पोचलं. दारातून आत जाईना, म्हणून आडवं करून न्यावं लागलं. पांढरी ऑर्किडं, मध्ये पिवळी शेवंती, आणि फितीवर सोनेरी अक्षरांत ‘याप घराण्याचा अभिमान’. फार सुंदर होतं. (माझ्या साठीला तू वाळवलेल्या आंब्यांचं पाकीट पाठवलं होतंस. आंबे गोड होते, माझी काही तक्रार नाही. सहज आठवलं म्हणून लिहिलं.) एवढं सगळं जिवंत माणसाच्या दारात जाऊन पडलं, याला कारण मी आहे. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. फोनवर सांगितलं असतं, पण फोन दुकानात आहे आणि तुझ्या भावजयीचे, तेरेसिताचे कानही दुकानातच असतात.

तुला ठाऊकच आहे, लिओन्सियो माझ्याहून तीन महिन्यांनी मोठा. त्या तीन महिन्यांपायी मी जन्मभर त्याला ‘आहिया’ म्हणजे ‘दादा’ म्हणत आलो आणि तो मला ‘शोती’ म्हणजे ‘धाकट्या’ म्हणत आला. शाळेच्या मागच्या सिमेंटच्या अंगणात आम्ही दोघं एकाच चेंडूवर वाढलो. मी चेंडू द्यायचा, त्याने तो बास्केटमध्ये टाकायचा. चिनी शाळांचा चषक आम्ही जिंकला तेव्हाही असंच झालं. पुढे तो मोठ्या संघात गेला, देशाची जर्सी घातली, साबणाच्या जाहिरातीत झळकला. आणि मी वडिलांच्या शेवयांच्या दुकानात पीठ मळायला बसलो. माझे नागरिकत्वाचे कागद वेळेवर आले नाहीत, नाहीतर मीही देशाकडून खेळलो असतो. (त्याचे कागद कसे वेळेवर आले, हे कोणी विचारत नाही. आणि मी पळायला जरा जड होतो हे तू सगळ्यांना सांगत असतेस, ते बंद कर.) चाळीस वर्षं माझ्या दुकानात माणूस शिरतो आणि शेवयांआधी विचारतो, ‘तुम्ही लिओन्सियो यापचे भाऊ ना?’ आची, तुझ्यापासून काय लपवायचं? माझ्या पोटात दुखतं. रोज दुखतं.

आता याप मंडळाने नवीन सभागृह बांधलंय. माजाँगच्या टेबलांमागे एक भिंत मोकळी ठेवलीय. तिच्यावर आपल्या आडनावाच्या नामवंत बास्केटबॉलपटूची एकच मोठी तसबीर लागणार. भिंत तेवढीच आहे. मी अध्यक्ष सेफेरिनोंना म्हटलं, चषक जिंकलेल्या आख्ख्या संघाचा फोटो लावा, त्यात पाच जण याप होते, आडनावाची शान वाढेल. बाकीचे म्हणाले, संघ काय करायचाय, एकट्या लिओन्सियोचा लावा. वाद तुंबला. मला काय वाटत होतं ते तुला सांगायला नको. मी गेल्यावर माझी नातवंडं माजाँग खेळायला येतील, वर बघतील, आणि वर मी असावा. एवढंच. पण मंडळाने मधल्या काळात लिओन्सियोचा सत्कार ठरवून टाकला आणि माझी पंचाईत झाली.

कारण सत्कार म्हटला की आपल्या चिनी वर्तमानपत्रात नातेवाइकांनी अभिनंदनाची जाहिरात द्यायचीच. ज्याची आली नाही त्याचं नाव महिनाभर चघळलं जातं. म्हणून नाइलाजाने मी वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन लावला. तिथली मुलगी नवी होती. तिने विचारलं, ‘चौकट लाल घालू?’ लाल! त्याच्या दाराला लाल, त्याच्या गाडीला लाल, सत्काराच्या कमानीलाही लाल, आणि आता मीही लालच घालू? मी म्हटलं, ‘काळी घाल. चांगली जाड घाल.’ ती म्हणाली, ‘फोटो कोणता?’ मी तरुणपणीचा दिला. आताचा दिला असता तर लोक म्हणाले असते, अजून केस काळे आहेत बघा. मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, ‘आणि मजकूर, काका?’ मी म्हटलं, ‘नेहमीचाच घाल गं, मला आणखी कामं आहेत.’ ती इतक्या मायेने ‘बरं काका, सांभाळा स्वतःला’ म्हणाली, की मला वाटलं हल्लीची पिढी सुधारली.

आची, काळी जाड चौकट, तरुणपणीचा फोटो, खाली नाव आणि ‘शोकाकुल आन्सेल्मो याप व कुटुंबीय’. मला चिनी वाचता येतं ते मेनूकार्डापुरतं, हे तुला माहीत आहे. मी पान उघडलं, चौकट बघितली, झकास आलीय म्हटलं आणि त्याच कागदात मासळी बांधून ठेवली.

सोमवारी सकाळी आठाच्या सुमारास लिओन्सियोच्या दारात पहिलं पुष्पचक्र आलं. दार त्यानेच उघडलं, गंजीफ्रॉकवर. समोर आपल्या शाळेच्या चिअर लीडर्समधली रोसालिंदा च्युआ (आता तिला पाच नातवंडं आहेत), हातात पांढरा रुमाल. त्याला बघताच ती पायरीवरच बसली. मग माणसांची रीघ लागली. तो जिवंत आहे म्हटल्यावर एखाद्याने माघारी जावं की नाही? पण पुष्पचक्र आणलंय, पांढरा सदरा घातलाय, दुकान बंद ठेवलंय, तर रडूनच जाऊ असं सगळ्यांचं ठरलं. त्याच्या पुढ्यात बसून, त्याच्याच हातचा चहा पीत, त्याच्याबद्दल भूतकाळात बोलत होते. आणि तो मान डोलावत ऐकत होता म्हणे. माझ्याच खर्चाने!

पण खरी आफत पुढे आहे. मयताच्या घरून सरळ आपल्या घरी जायचं नाही, मेलेला मागोमाग येतो, म्हणून वाटेत कुठेतरी बसून मगच घर गाठायचं, ही आपल्याकडची रीत. आता इथे मेलेलाच नव्हता. त्यावर फुटपाथवर बरीच चर्चा झाली. शेवटी म्हातारा रेफरी दादोंग म्हणाला, ‘मेला नसला म्हणून काय झालं, आपण तर मयतालाच गेलो होतो ना!’ हे सर्वांना पटलं. आणि त्याच्या घरून निघाल्यावर वाटेत पहिलं बसण्यासारखं ठिकाण कोणतं? माझं दुकान. दिवसभर एक खुर्ची रिकामी नव्हती. एवढा धंदा मला कधी झाला नाही आणि एवढा मनस्तापही झाला नाही. प्रत्येक टेबलावर लिओन्सियो. उजव्या कोपऱ्यातून कसा टाकायचा, हवेत कसा थांबायचा, रिंगला न लागता चेंडू कसा आत जायचा. वाडगे पोचवता पोचवता मी शेवटी दादोंगला विचारलंच, ‘आणि त्याला चेंडू कोण द्यायचं?’

सगळ्यांनी वाडग्यांतून माना वर काढल्या. खरंच आठवायचा प्रयत्न करत होते बिचारे.

‘असेल कोणीतरी,’ दादोंग म्हणाला. ‘शोती, जरा व्हिनेगर दे.’

स्वयंपाकघरात गेलो तर तेरेसिता पातेल्यापुढे उभी राहून मुसमुसत होती. मी म्हटलं, ‘अगं, तो जिवंत आहे!’ ती म्हणाली, ‘माहितेय. पण काय खेळायचा रे!’ मी विचारलं, ‘मी मेलो तर एवढं रडशील?’ तिने नाक पुसलं आणि म्हणाली, ‘आधी मर तर खरा, मग बघू.’ बत्तीस वर्षांच्या संसाराचा हा हिशोब.

संध्याकाळी अध्यक्ष सेफेरिनो आले. जिवंत माणसाची मयताची जाहिरात म्हणजे आख्ख्या आडनावावर अपशकुन. तो उतरवायचा तर ज्याने केलं त्यानेच आपल्या हाताने लिओन्सियोला दीर्घायुष्याच्या शेवया आणि दोन लाल अंडी खाऊ घालायची, आणि शेवई एकही तुटता कामा नये, असं त्यांनी फर्मावलं. काल दुपारी डबा घेऊन गेलो. पुष्पचक्रांमधून वाट काढत आत शिरलो. तुझं पुष्पचक्र त्याने खिडकीपाशी ठेवलंय, रोज पाणी शिंपडतो. मी वाढल्या, त्याने खाल्ल्या. पुन्हा वाढल्या, पुन्हा खाल्ल्या. ज्याच्या नावाने मी चाळीस वर्षं बोटं मोडली, त्याला मी माझ्या हाताने, माझ्याच दुकानच्या पिठाने, शंभर वर्षं आयुष्य वाढून आलो. आणि जाताना तो म्हणतो काय, ‘शोती, मीठ थोडं कमी आहे.’

असो. मेव्हण्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. हे पत्र आज दुपारच्या विमानाने सेबूला निघालेल्या शेवयांच्या खोक्यात घालतोय, तेव्हा पत्र आधी काढ आणि शेवया मग भिजव.

तुझा धाकटा,
आन्सेल्मो

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. या मयतामुळे लोकांचं मन असं विरघळलंय की मंडळ आता एकट्या लिओन्सियोचीच तसबीर लावायला निघालंय. पण आपल्या शाखेत तू सर्वांत थोरली, त्यामुळे तुझ्या होकाराशिवाय खिळा ठोकता येत नाही. रविवारी सभा आहे. तेव्हा सेफेरिनोंना कळव की लावायचा तर संघाचाच फोटो लावा. तुला मी कधी काही मागितलं नाही. (ते आंबेही मागितले नव्हते.)

ता. क. दुसरा. तू कपाटातून संघाचा फोटो काढून बघशील, म्हणून आधीच सांगतो. मागच्या रांगेत डावीकडून दुसरा मी. लिओन्सियोने चषक उंच धरलाय ना, त्याच्या मागे. चेहरा चषकामागे गेलाय, पण डावा कान पूर्ण दिसतो. नीट बघ, कान अगदी बाबांसारखा आहे, पाळी वर वळलेली. हा कान आपल्याच घरचा आहे असं तू सेफेरिनोंना स्पष्ट सांगावंस, कारण त्यांना वाटतं तो पडद्याचा गोंडा आहे.

ता. क. तिसरा आणि महत्त्वाचा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात लिओन्सियो आला. शेवया मागवल्या, खाल्ल्या, आणि बोटाने टेबल पुसत म्हणाला, ‘शोती, मी सेफेरिनोला सांगणार आहे, माझा एकट्याचा लावू नका. संघाचा लावा. एवढी माणसं येऊन रडली, पण चेंडू कोण देत होतं ते कुणालाच आठवेना. मला फार वाईट वाटलं रे.’ आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेला. आची, माझे डोळे भरून आले हे खरं. पण मग विचार केला: म्हणजे भिंतीवरही मी त्याच्याच मेहेरबानीने चढणार? जन्मभर त्याला पास मी दिला आणि शेवटचा पास तो मला देणार? ते मला सहन होणार नाही. तेव्हा पत्र लिहीत बसू नकोस, हे वाचताक्षणी सेफेरिनोंना फोन लाव. तो आत्ताच निघालाय, पण सभागृह चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद आहे आणि त्याचा गुडघा गेलाय. प्रत्येक मजल्यावर तो बसतो, आणि लोक त्याला चहा पाजतात. तू लगेच फोन उचललास तर आपण त्याला हरवू.