मामाची हळद

उरण, ११ जानेवारी १९८६

चि. करीमला आपाचा सलाम आणि दुवा.

तुझं नोव्हेंबरातलं पत्र मी वाचून वाचून पाठ केलंय. हळदीतलं पिवळं द्रव्य पेशीतलं लोखंड धरून ठेवतं, असं तू लिहिलंस. आमच्या नफिसाला दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त चढवायचं, त्यातलं लोखंड अंगात साठायचं आणि ते काढायला रोज सुई. पोरगी मांडी धरून बसते रे! म्हणून तेव्हापासून सुई बंद, दोन्ही वेळ दुधातून हळद चालू. आधी गुण येऊ दे, मग सांगू, असं ठरवलं होतं. पण आता राहवेना. एवढा शिकलास, त्याचं चीज झालं बघ. बाहेरचं अरबट-चरबट खाऊ नकोस.

रोज तुझी आठवण काढणारी,
मेहरुनआपा

नेरूळ, १५ जानेवारी

ती. आपास करीमचा सलाम.

अगं, काय करून बसलीस हे! पत्र मिळताच सुई सुरू कर. प्रयोगशाळेत माझ्या पेशी काचेच्या बशीत वाढवलेल्या असतात. त्यांच्यावर मी हळदीचं द्रव्य थेट ओततो, म्हणून ते लोखंडाला धरतं. गिळलेली हळद रक्तात जेमतेम उतरते, आणि उतरते तीही शरीर लगेच मोडून टाकतं. बरं, धरलं म्हणजे भलंच झालं असंही नाही. लोखंड पळवलं की बशीतल्या पेशींची वाढच खुंटते. हे आवरायचं कसं, तेच कळत नाहीये. साहेब रोज नव्या बश्या मांडायला लावतात, डोकं उठलंय माझं. मी आनंदाच्या भरात लिहिलं गं, औषध म्हणून नाही!

रविवारी येतोय. हवं तेवढं चीड, पण ऐक.

तुझा करीम

उरण, २६ जानेवारी

चि. करीमला सलाम.

तू आलास तेव्हा पोरीसमोर भांडता आलं नाही, म्हणून लिहिते. सुई सुरू केली. डॉक्टर म्हणाले, लोखंड फार वाढलंय, हृदयाला पोचलं तर आमच्या हातात काही नाही. ओरडा मी खाल्ला, तू नाही. तुझा संताप येतो, हळदीचा येतो, माझाही येतो. काचेत जमतं ते माझ्या लेकीच्या अंगात का जमू नये रे?

सुई टोचताना नफिसा विचारते, मामाची हळद कधी तयार होणार? मी काय सांगू? तूच लिही तिला. थापा मात्र मारू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
आपा

नेरूळ, ३० जानेवारी

चि. नफिसाला मामाचे खूप खूप पापे.

बाळा, मामाची हळद कधी तयार होणार, ते मामाला ठाऊक नाही. यंदा तर नाहीच. तू मोठी होईपर्यंत होईल का, तेही सांगता येत नाही. सुई दुखते. दुखत नाही असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस, पण सुई घे. रडू आलं तर माझ्या नावानं बोंब मार, आईला बोल लावू नकोस. चूक तिची नाही, घाई माझी झाली. उद्या मी पुन्हा बशी मांडतोय.

माझ्यावर रुसलीस तरी चालेल, लोभ मात्र सोडू नकोस.

तुझा करीममामा