गाडी खरंच बिघडली होती

प्रिय ठमे,

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. फोनवर मी गाडीचं नाव काढलं की तुझा आवाज बदलतो आणि माझी जीभ अडखळते, म्हणून हा उद्योग. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

तुझ्या सुतारकामाच्या दुकानाचं उद्घाटन होतं, त्या दिवशी आम्ही खरोखर निघालो होतो. तुझ्या आईची कंबर तुला ठाऊकच आहे. बसमध्ये तिला बसवत नाही, आणि भाड्याच्या गाडीवाल्याला सारखं 'जरा थांबा' म्हणणं तिच्या जिवावर येतं. तेव्हा आपली गाडी हाच एक मार्ग. डोंगराची चढण लागली आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. बॉनेट उघडलं तर वाफच वाफ, आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या त्या हिरव्या कूलंटचं खाली थारोळं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी एक नळी बदलली, कूलंट भरलं आणि 'आता बघायला नको' म्हणत चावी हातात दिली. पुढच्या महिन्यात पुन्हा निघालो, पुन्हा तेच. मग वॉटर पंप बदलून झाला. त्यानंतर तर चढणीपर्यंतही पोचलो नाही. तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "बाबा, आईला यायचं नसेल तर सरळ सांगा ना. दर वेळी गाडीला कशाला मध्ये आणता?"

तुझं तरी काय चुकलं? बँकेतली नोकरी सोडून तू रंधा हातात घेतलास, तेव्हा 'मी त्या दुकानाची पायरी चढणार नाही' असं तीच म्हणाली होती. तुझा फोन स्पीकरवर होता. तिने सगळं ऐकलं आणि नुसती ओटा पुसत राहिली. आधीच पुसून झालेला ओटा.

दुसऱ्या दिवशी मी कूलंट ओतून गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायला निघालो, तर बाईसाहेब चप्पल घालून तयार. तिथल्या मऊ सोफ्यात रुतून बसणं तिला जमत नाही, म्हणून ती उभीच राहिली. आणि अनोळखी माणसांत उभी असलेली तुझी आई म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. माझा चहा संपायच्या आत तिने सगळ्यांची चौकशी केली होती. एक नर्सबाई, एक निवृत्त हेडमास्तर, एक छायाचित्रकार. तिघांचीही गाडी आपल्यासारखीच, गळतीही तशीच, आणि प्रत्येकाला सांगितलेलं की अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. सगळ्यांना घेऊन ती थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली. शेपटाला मी.

मॅनेजर गोड बोलणारा. म्हणाला, "मॅडम, असं हजारात एखाद्याच गाडीचं होतं."

"मग तुमच्या हजारातल्या चार आज एकाच वेळी इथे कशा आल्या?" आईने विचारलं. हेडमास्तर खुदकन हसले. मग तिचा आवाज खाली आला. "या गाडीपायी माझी मुलगी मला खोटी समजतेय. आणि मी तिला आधी जे बोलून बसलेय ना, त्यापुढे तिने दुसरं काय समजावं?"

इतक्या दिवसांत हे ती माझ्याजवळही बोलली नव्हती, ठमे. नर्सबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मॅनेजरने चारही गाड्यांचे नंबर लिहून घेतले. मग त्याने आमच्यासमोरच कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला. पुढच्या आठवड्यात चारही गाड्या उघडल्या. इंजिनच्या मागच्या बाजूला एक प्लास्टिकचा जोड असतो. इंजिन तापलं की त्याला पडलेली बारीक चीर उघडायची, गार झालं की मिटायची. त्यामुळे गॅरेजमध्ये उभ्या गाडीत काही सापडायचं नाही. दोष मुळातलाच आहे हे कंपनीने अखेर मान्य केलं आणि चौघांनाही धातूचा जोड बसवून दिला. आता अशा बाकीच्या गाड्याही बोलावून घेतायत.

रविवारी आम्ही दोघं त्या चढणीवर जाऊन आलो. उतू जाणाऱ्या दुधावर ठेवावी तशी ती काट्यावर नजर ठेवून होती. काटा जागचा हलला नाही. माथ्यावर गाडी थांबवली, तर कंबर धरून वाकली आणि गाडीखालचा रस्ता कोरडा आहे ना, ते स्वतः बघितलं. तिथून तुझं गाव दिसत नाही, तरी बराच वेळ त्या बाजूला बघत उभी होती.

शनिवारी सकाळी आम्ही निघतोय. एवढं मी फोनवरही सांगितलं असतं. पण तिचा एक निरोप आहे. तो तिला स्वतः बोलवत नाही आणि मलाही फोनवर धड जमला नसता, म्हणून हे पत्र. आम्ही येणार म्हणून दुकान बंद ठेवू नकोस. भुसा झाडू नकोस, आवराआवर करू नकोस, आणि आम्हाला बघून हातातलं काम टाकून धावत येऊ नकोस. तिला तू काम करताना बघायचंय.

तुझाच, निघायच्या तयारीत असलेला,
बाबा