लुदोविनाने ओढलेली दोरी

प्रिय स्नेही एवारिस्तो यांस,

सप्रेम नमस्कार. आपला उजवा गुडघा आता जिना चढू देतो की नाही, ते सविस्तर कळवावे. माझ्या धाकट्या बहिणीस मागणी घालणारे आपले पत्र तीन आठवड्यांपूर्वीच पोहोचले (त्यातील चार स्वल्पविराम अनावश्यक होते, दुरुस्त प्रत सोबत जोडली आहे). उत्तरास विलंब झाला, कारण विधवा लुदोविना चौसष्टाव्या वर्षी पुन्हा लग्न करून गेली, तर माझ्या घरी सूप कोण ढवळणार, हा प्रश्न मला सुटत नव्हता.

मन रमले म्हणजे लग्नाचा विषय मागे पडेल, अशा अपेक्षेने मी तिला शनिवारी बसने अमारांतला नेले. (या कामासाठी याहून अयोग्य गाव साऱ्या पोर्तुगालात नाही, हे मला तिथल्या दगडी पुलावर उभे राहिल्यावर आठवले.) तामेगा नदीविषयी मी चाळीस मिनिटे बोललो, त्यांपैकी बावीस मिनिटे लुदोविना उपस्थित होती. उरलेला वेळ ती चर्चमध्ये, प्रौढ स्त्रियांची लग्ने जुळवणाऱ्या संत गोन्सालोंच्या पुतळ्याच्या कमरेची दोरी ओढण्याच्या रांगेत होती. मी पोहोचलो तेव्हा ती विहिरीतून घागर काढावी तशी दोरी ओढत होती.

"अगं, नवरा ठरलेला असताना संताला त्रास कशाला?" मी विचारले.

मागे रांगेत मिठाईची टोपली काखेत घेतलेल्या एक बाई (नाव फेलिझमिना, हे मागाहून कळले) कडाडल्या, "ओ आजोबा, ओढायची तर ओढा, नाहीतर सरका बाजूला!"

"दादा, माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी ओढतेय," लुदोविना म्हणाली. "तुझ्यासमोर जेवायला कुणीतरी बसलेलं दिसल्याशिवाय माझा पाय घरातून निघायचा नाही."

मी टोपी काढून पुन्हा घातली. फेलिझमिनाबाईंनी मला टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळले. "यांच्यासाठी? मग बाई, अजून दोनदा ओढा!"

नंतर त्यांनी आम्हांस मिठाई दिली. (संताच्या नावाने ती पुरुषाच्या ज्या अवयवाच्या आकारात भाजतात, त्याविषयी निवृत्त शिक्षकाने मौन पाळणे इष्ट, चव उत्तम.)

आपला,
तिबुर्सिओ

ता. क. लग्नास माझी संमती आहे. हे वाक्य पत्राच्या आरंभी यावयास हवे होते.

आणखी ता. क. येत्या शनिवारी मोटार घेऊन यावे व मला अमारांतला सोडावे. परत न्यावयास येण्याची घाई नसावी; फेलिझमिनाबाईंना एकटीपुरता मासा शिजवण्याचा कंटाळा येतो. लुदोविनास यातील काहीही कळवू नये. ती तत्काळ सामान बांधील, आणि मला ती अजून आठवडाभर घरात हवी आहे.