युसराच्या नावे तिसरा हिस्सा

आणि वाजिदभाय, फोन आपटला म्हणजे भांडण संपत नाही. "सातवी झाली, बास झालं. जास्त शिकली की कुणाच्या हातात राहायची नाही," असं म्हणून तुम्ही आपल्या भाचीला, युसराला, मुंब्र्याला, भाभीच्या बहिणीची पोरं सांभाळायला धाडणार. बोलू देत नाही, म्हणून लिहितो.

मी तौफीक कासम परकार, राहणार दाभोळ, सध्या वफ्रा, कुवेत, काकडीच्या शेडमध्ये कामाला. वय पासपोर्टवर सव्वीस. तारीख एजंटाने टाकलेली, खरी अम्मालाही आठवत नाही. डोकं ठिकाणावर आहे, कुणाच्या दमदाटीने लिहीत नाही. मरायची घाईही नाही. पण मे महिन्यात शेजारच्या खोलीतला माणूस उन्हात पडला तो उठलाच नाही. त्याची बॅग अजून स्टोअरला आहे आणि गावी भाऊ भांडतायत. माझ्यामागे तसं नको.

दाभोळची खाडीकडची खोली माझ्या कमाईची. शरीयतप्रमाणे तिनातले दोन हिस्से अम्माचे आणि तुमचे, त्यात मी हात घालत नाही. जो वारस नाही त्याला उरलेला तिसरा हिस्सा देता येतो. तो आपल्या मयत बहिणीच्या पोरीला, युसराला. बँकेतल्या पैशाचंही तसंच.

घड्याळ तुम्हाला. ईदला न विचारता नेलंत, आता हक्काने बांधा.

तवा आणि मोठं पातेलं माझ्यासोबत खोलीत राहिलेल्या महादेव मेस्त्रीला. चौथीत शाळा सोडलेल्या मला यानेच धड लिहायला शिकवलं. फी म्हणून त्याची स्वयंपाकाची पाळी मी करायचो. तोच मोबाईलवर फ्रेडरिक डग्लसचं वाचून दाखवायचा. अमेरिकेतला गुलाम, पुढे गुलामी मोडायला उभा राहिला. त्यालाही जन्मतारीख ठाऊक नव्हती. आईपासून तोडलेला, ती दिवसभर राबून अंधारात पाच-सहा कोस चालत यायची, पोराला कुशीत झोपवायची, सकाळी नसायची. पुढे एक मालकीण त्याला अक्षरं शिकवू लागली, तर मालक ओरडला, शिकला की गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. पोराने ते ऐकलं आणि ठरवलं, मग हेच शिकायचं. रस्त्यावरच्या भुकेल्या गोऱ्या पोरांना पाव देऊन शिकला.

"त्याने निदान पाव दिला," महादेव म्हणायचा. "तू मला करपलेल्या डाळीवर गुंडाळतोस."

वाजिदभाय, तुमचं वाक्य मी त्या मालकाच्या तोंडून आधीच ऐकलेलं. पण तुम्ही तिचे मालक नाही, मामा आहात. म्हणून जास्त लागलं.

मी गुलाम नाही, पगार घेतो. पण महादेवची बदली कुवेत शहरात, मिरकाबला झाल्यापासून या खोलीत मराठी फक्त मोबाईलमधून येते. युसरा शाळेतला धडा वाचून पाठवते. काकड्या तोडताना माझ्या कानात तीच. चुकली की म्हणते, "थांबा मामा, परत वाचते." मी खरंच थांबतो. मुंब्र्याहून ती काय वाचणार?

मोबाईल तिला. आत तिचे सगळे धडे आहेत, कुणी पुसू नये.

मला इथेच पुरा. पेटी गावी आणायचा खर्च करू नका.

हे महादेवने मिरकाबहून येऊन मोठ्याने वाचलं आणि दोघांसमोर मी सही केली.

साक्षीदार: महादेव गोविंद मेस्त्री, सुतार
साक्षीदार: मुनव्वर खोत, ड्रायव्हर
वफ्रा, शुक्रवार, १३ जून २०२५
सही: तौफीक कासम परकार

सहीखाली एवढंच. सोमवारी शाळा उघडते. आठवीची पुस्तकं, गणवेश, एसटीचा पास, याचे पैसे. या वेळी तुमच्या खात्यावर नाही. शाळेतल्या बाईंनी तिला काढून दिलेल्या, तिच्या स्वतःच्या सहीच्या खात्यावर पाठवतोय. साठ दिनार.