मलिद्याचं आमंत्रण

आई, काल सिंगापुरात, मुलाच्या बिशान भागातल्या फ्लॅटमध्ये मलिदा केला. तुझ्या नातवाला इथे कायम राहायची परवानगी मिळाली, मग नवसाला पावणाऱ्या आपल्या एलियाहू हन्नाबी प्रेषिताचे आभार मानायला नकोत? पोहे तुझ्यासारखे निवडायला आता डोळे नाहीत; खडा लागला तर लागला. गूळखोबरं कालवत होते, तेवढ्यात तुझी पणती शेजारच्या चिनी आजीला बोलवायला निघाली. मी विचारलं, "काय सांगशील गं?" म्हणाली, "आजी, जस्ट से आंटी, कम ईट लाह. व्हॉट एल्स?" ती पळाली, आणि मी पोह्यात हात तसाच ठेवून बसले. तूही मला तेच बजावलं होतंस. "मावशी, खायला या, एवढंच म्हण. जास्त शहाणपणा नको."

ज्यूंचा नवा देश म्हणून आपण इस्राएलात आलो, त्याला वर्षही झालं नव्हतं. पत्र्याची झोपडी, आणि रेवदंड्याहून आणलेले, तू जिवापाड जपलेले शेवटचे पोहे. पलीकडे पोलंडहून आलेली ती शिवणारी बाई, एकटी. तिच्या घरची सगळी माणसं जर्मनांनी छळछावणीत मारलेली. देशाने तिला खाट दिली, कांबळं दिलं, शिवणयंत्र दिलं. देश स्वतःच अर्धपोटी होता, त्याला नावं कशी ठेवू? पण तिचं ऐकून घ्यायला कुणालाच सवड नव्हती. शाळेत तर मोठी मुलं सरळ म्हणायची, ही माणसं मेंढरांसारखी मरायला गेली. मी नवीन होते. मला त्यांच्यातली व्हायचं होतं.

त्या पोह्यांचा मलिदा केलास, तेव्हा तिला बोलवायला तू मला धाडलंस. ती आली नाही. तू तिचं ताट झाकून ठेवलंस, दिवेलागणीपर्यंत दाराकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "आपण काळे ना. आपल्या हातचं कशाला खाईल?" पावाच्या रांगेत लोकांनी ऐकवलेलं तू विसरली नव्हतीस. त्यानंतर तू तिच्याशी कधीच बोलली नाहीस. एका पत्र्याच्या दोन बाजूंना दोघी, आणि दोघींनाही कुणीतरी हवं होतं.

काल चिनी आजी दोन संत्री घेऊन आली, मलिदा मागून मागून खाल्ला. माझं ताट मात्र मी झाकून ठेवलं.

हे पत्र कुठे टाकणार? तुझ्या कबरीशी येऊन वाचायचाही धीर नाही. आई, मी तिला खायला बोलावलंच नव्हतं. दारात उभी राहून, नुकत्याच शिकलेल्या हिब्रूत विचारलं होतं, "तुम्ही लढला का नाहीत?" तिने कात्री खाली ठेवली आणि हळूच दार लावून घेतलं. आणि घरी येऊन मी तुला सांगितलं, "येते म्हणाली."