पहिला वाचतो

२ मे १९७३
मिरजेहून परत आले, रिकाम्या हातांनी. बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. मागच्यासारखंच, हळदीसारखं पिवळं पडून. थोरल्या लेकीच्या, अंबूच्या पाठचे दोन्ही मुलगे गेले!

डॉक्टरीणबाईंनी काचेच्या नळीत माझं रक्त दाखवलं. खाली लाल थर, वर पिवळसर पाणी, मधे पांढुरकी साय. तांबड्या पेशींवर म्हणे एक खूण असते. यांच्या आहे, माझ्या नाही; अंबूनं ती यांच्याकडून घेतली. अंबूच्या बाळंतपणात तिचं थोडं रक्त माझ्यात आलं, ते परकं वाटून माझ्या रक्तानं त्याच्यावर विष तयार केलं, आणि पुढच्या दोघांवर तेच उलटलं. "पहिलं वाचतं बाई. पुढच्या वेळी मात्र लवकर या. बाळाचं सगळं रक्त बदलून बघू."

म्हणजे मीच मारलं. माझ्याच पोटात!

४ मे
सासूबाई न्हाणीच्या दारात — "तुजं रगतच इखारी हाय."

९ मे
ठरलंसुद्धा! माझी धाकटी बहीण राही यांना द्यायची. सतरा वर्षांची पोर! सासूबाई म्हणतात, "सवत कशाची? भणच की तुजी." वडीलही तयार. भावकीत दोन घरांत असं झालंय, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. यांना पलटणीत तार गेली.

१४ मे
डोळे तपासायचं निमित्त करून राहीला सांगलीला नेलं. तिचं रक्त तपासलं. माझ्यासारखंच, ती खूण नसलेलं — ओ निगेटिव्ह!

मला आनंद झाला. आता लग्न मोडेल म्हणून. सख्ख्या बहिणीच्या नशिबी माझंच दुखणं, आणि मला आनंद! थू माझ्यावर.

एस.टी.त राही हळूच म्हणाली, "आक्का, ह्यो कागद कुनाला दावू नगंस. मला कोन पत्करंल गं?" शब्द दिला.

१५ मे
कागद तांदळाच्या डब्यात.

२१ मे
हे रजेवर आले. शुक्रवारी साखरपुडा. यांना सगळं सांगितलं, राहीचंही. गळ्यातला बिल्ला काढून बघत बसले. त्यावर यांचा रक्तगट कोरलाय — बी पॉझिटिव्ह. "आईम्होरं माजं काय चालतंय?" सरहद्दीवर बंदूक घेऊन उभे राहतात म्हणे!

२३ मे
सासूबाईंनाही सांगितलं. राहीला दिलेला शब्द पार मोडला. कागद पुढ्यात ठेवला, जमिनीवर खडूनं नळी काढली, तिसरीच्या वर्गाला शिकवते तसं सगळं समजावलं. सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजे पयला वाचतुया?"
"हो, पण —"
"झालं तर! पयला ल्योकच हुईल. मला येकच पायजे."

मुलगी झाली तर, म्हटलं. त्या उठून तांदूळ निवडायला बसल्या. आणि हे मीच त्यांना शिकवलं!

२४ मे
हे सकाळपासून घरात नाहीत. कुणाला सांगूनही गेले नाहीत.

२५ मे
दुपारी आले. जपून, पाय फाकवून चालत. साखरपुड्याचे पाहुणे सोप्यात बसलेले. "आई, कऱ्हाडच्या क्यांपात नसबंदी करून आलोय. आता पयला न्हाई, दुसरा न्हाई. राहीला दुसरी सोयरीक बगा."

सासूबाईंनी हंबरडा फोडला. राही सुटली. मीही सुटले, असं सगळे म्हणतात.

पुढच्या वेळी लवकर या, म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई. मी जाणार होते. मला यांनी विचारलंसुद्धा नाही.